मधल्या चौकोनाची माती

"भिंतीकडून चाल गं! मधून नको!"

हा आवाज धाकटीच्या कानात जसाच्या तसा राहिला होता, आणि ज्याचा होता त्याच्या तोंडून मात्र तो कायमचा गेला होता. तीन वर्षांपूर्वी बाबांना झटका आला, उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. चाळीस माणसांना एका हाकेवर हलवणाऱ्या मुकादमाकडे उरला फक्त एक 'ब'. पाणी हवं तरी ब, ऊन लागलं तरी ब, लेकीचा राग आला तरी ब.

ती आरोळी ऐकू यायची तेव्हा धाकटी आठ वर्षांची होती, थोरली बारा. दोघी बाबांचा दुपारचा डबा घेऊन कारखान्याच्या मागच्या आवारातून जायच्या. आवाराच्या मधोमध एक उंचवट्यासारखी मोकळी जागा होती. सगळीकडे गवत माजलेलं, पण तिथे काडी उगवायची नाही. तिच्यावरून आडवं गेलं की शंभर पावलं वाचायची. थोरली गुणाची, ती भिंतीला घासून चालायची. धाकटी शंभर पावलांसाठी जीव टाकायची, आणि मग शेडच्या दारातून ती आरोळी यायची.

"मध्ये काय आहे हो, बाबा?"

"मध्ये तुझी सासू पुरलीय. पाय धरेल."

कारखाना मुलाम्याचा. काळं लोखंड पुढच्या दारानं आत यायचं आणि चांदीसारखं होऊन मागच्या दारानं बाहेर पडायचं. सायकलींची हँडलं, नळ, दाराच्या कड्या. टाक्यांमधलं पाणी पिवळंजर्द, त्यावर वाफ, आणि त्या वाफेत पदर खोचून उभ्या असलेल्या बायका. लोखंड बुडवायचं, काढायचं, परत बुडवायचं. त्यांतल्या एकीला सगळे टाकीवरच्या मावशी म्हणत; त्या गोऱ्या, ठेंगण्या आणि गळ्यानं गोड. हात चालत तसा त्यांचा गळा चाले:

पहिल्या बुडीला, लोखंडाचा गंज जाई,
दुसऱ्या बुडीला, तोंड माझं मला पाही.

एकदा त्यांनी सायकलच्या घंटेची एक वाटी धाकटीच्या हातात ठेवली होती. कुठेतरी ओरखडा होता म्हणून बाद झालेली. "घे, तुझ्यापुरता आरसा," म्हणाल्या. धाकटीनं त्या वाटीत स्वतःचं नाक भोपळ्याएवढं पाहिलं आणि दिवसभर हसत राहिली. ती वाटी अजून तिच्या खोलीत होती, पिना ठेवायला.

आणि बाबांची गंमत होती दोऱ्याची. आईच्या शिवणातला दोरा घ्यायचे, जिभेवर ओला करायचे, एका नाकपुडीत घालायचे आणि दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर काढायचे. मग दोन्ही टोकं धरून करवतीसारखा मागेपुढे ओढायचे. गल्लीतली पोरं टाळ्या पिटायची. टाकीच्या वाफेनं नाकातला पडदा खाऊन टाकला होता, हे धाकटीला कितीतरी वर्षांनी, पुस्तकात वाचून कळलं. थोरलीला कधीच कळलं नाही. तिच्या लेखी ती गंमतच होती.

मग एका सकाळी कारखान्याच्या दाराला कुलूप दिसलं. मालक गेला तो गेलाच, कंपनीही कागदावरून पुसली गेली, आणि चाळीस घरांच्या हक्काचे पैसे हवेत विरले. भोवती पत्र्याचं कुंपण आलं. वीस वर्षं ती जमीन शहराच्या ऐन पोटात तशीच पडून राहिली. पलीकडे इमारती उंच होत गेल्या आणि इकडे पत्र्याच्या भोकांतून पिवळं पाणी झिरपत राहिलं.

थोरलीनं नववीतच शाळा सोडली होती. घरात एकीच्याच शिक्षणापुरतं होतं, आणि धाकटी हुशार. थोरली पिशव्या शिवायला बसली ती अजून बसलेलीच होती. एक खोली, त्यात गेलेल्या आईचं शिवणाचं मशीन, बाबांची खाट, भावोजी आणि ती. भावोजी टेम्पो चालवत आणि घरी आले की दारात उभे राहून विचारत, "आज कुणी मरायचंय का? नाही, आडवं व्हायला जागा हवी होती."

धाकटी मात्र माती तपासणारी झाली. जुन्या कारखान्यांच्या जमिनीत किती विष आहे, किती खोल आहे, किती खणून न्यावं लागेल, हे सांगायचं तिचं काम. आणि एक दिवस तिच्या टेबलावर त्याच आवाराचा नकाशा आला. आपले वडील इथे मुकादम होते, आपल्या बहिणीचा यात हक्क आहे, हे साहेबांना सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर काम दुसऱ्याकडे गेलं असतं. तिनं सांगितलं नाही. पहिलं गप्प बसणं ते. त्यात काही वाईट आहे असं तेव्हा वाटलंसुद्धा नव्हतं.

---

पुढच्या शेडखालची जमीन चौकोन आखून तपासली, त्यांतले अकरा चौकोन खराब निघाले. तो अहवाल घेऊन धाकटी बँकेत गेली तेव्हा कर्जवाल्या बाई संत्रं सोलत होत्या. त्यांची सोलायची एक तऱ्हा होती. साल काढली की फोडीवरची पांढरी शीर न् शीर नखानं उचलायच्या, कागदावर रांगेनं मांडायच्या, आणि मगच फोड तोंडात.

"मागचं आवार राहिलं का हो?" त्यांनी विचारलं.

"हो. चोवीस भोकं पाडायची आहेत."

"चोवीस." एक शीर निघाली. "हे बघा, तुम्ही हुशार आहात, पण पैशाचं जरा समजून घ्या. साफसफाईचा अर्धा खर्च शहराचा निधी देतो. अट एकच, जुन्या चाळीस कामगारांना तिथे घरं द्यायची. ती मागच्या आवारात. रस्त्याकडची बाजू विकायची आहे ना. उरलेला अर्धा खर्च आम्ही देतो, आणि तारण काय, तर त्या उद्या उभ्या राहणाऱ्या इमारती. म्हणजे जे अजून जन्मलेलंच नाही ते गहाण. गंमत आहे की नाही?"

"आहे."

"पण गमतीलाही हद्द असते. साफसफाईचा खर्च विक्रीच्या किमतीच्या पाचव्या हिश्शावर गेला की आमची समिती फाइल मिटते. तुमचे हे अकरा चौकोन धरून आपण अगदी काठावर उभे आहोत. आता मागे अजून एखादा निघाला, तोही खोल..." त्यांनी फोड तोंडात टाकली आणि सावकाश चावली.

"तर?"

"तर काही नाही. कुंपण आहेच. अजून वीस वर्षं राहील. तुमच्या त्या चाळीस घरांतल्या म्हाताऱ्यांचं तेवढं बघा, त्यांना वीस वर्षं थांबता येतं का." त्या हसल्या. हसणं खरंच प्रेमळ होतं. "मी तुम्हाला काही सांगत नाहीये हं. माती बोलेल तेच तुम्ही लिहायचं. फक्त माती बोलते कुठे? आपण भोक पाडतो तिथे. हो ना?"

जाताना त्यांनी दोन फोडी धाकटीच्या हातावर ठेवल्या. एकही शीर नव्हती त्यांना.

---

"या! मातीवाल्या बाई आल्या. पाय पुसून या हो, आमच्याकडे फरशी आहे," थोरली मशीनवरून न उठताच म्हणाली.

"ताई, बस कर."

"बस काय? बसायला जागा आहे का? ती बघ खाट. बाबांच्या पायाशी बस. लग्नातल्या पाटावर बसल्यासारखी अवघडून बस." मशीनचं चाक तिनं तळव्यानं थांबवलं. "काय झालं गं आमच्या घराचं? तुझे भावोजी म्हणतात, तुझ्याच हातात आहे."

"माझ्या हातात गिरमिट आहे फक्त."

"मग नीट फिरव." थोरलीनं दोरा दातानं तोडला. "मी कधी काही मागितलं तुझ्याकडे? नववीचं पुस्तक मिटलं तेव्हा तरी मागितलं? आता बाबांसाठी मागते. सहा महिने झाले त्यांच्या अंगावर ऊन पडून. उचलून बाहेर न्यायचं तर जिना आहे. तळमजल्याची घरं आहेत म्हणे ती, समोर वाफा. त्यांना उन्हात मरू दे. एवढंच."

बाबा ऐकत होते. धाकटीला त्यांच्या नजरेला नजर देववेना. थोरली पाण्याला बाहेर गेली तेव्हा तिनं पिशवीतून नकाशा काढला आणि त्यांच्या छातीवर पसरला.

"बाबा, हे मागचं आवार. ही भिंत. हे शेडचं दार, तुम्ही उभे राहायचात ते. मधल्या जागेत काय आहे?"

मुकादमानं डावा हात उचलला. तो नकाशावर भिंतीकडून निघाला, भिंतीला धरून थोडा सरकला, आणि मग बोट उचलून मधोमध आलं. तिथे ते रोवल्यासारखं उभं राहिलं.

"पिंपं?"

"ब."

"टाक्यांतला गाळ?"

"ब." त्यांनी पंजा उघडला आणि मिटला, उघडला आणि मिटला. धाकटीनं साठापर्यंत मोजलं. पुढे मोजलं नाही. पंजा चालूच होता, आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होतं. किती वर्षं तो ते गुपित एकटा धरून बसला होता! ज्या दोघांनी त्याच्याबरोबर ती पिंपं गाडली ते केव्हाच गेले, आणि हा लेकींना नुसता भिंतीकडून चालवत राहिला. आता हुशार लेक कागद घेऊन आली होती. ती खणून काढेल. त्यानं तिचा हात धरून गालाला लावला, आणि ती निघाली तेव्हा तो लहान मुलासारखा झोपला होता.

---

जमिनीत भोकं पाडायची रीत अशी. आवारावर वीस-वीस पावलांची दोऱ्याची जाळी टाकायची आणि दोरे जिथे एकमेकांना छेदतील तिथे भोक. पण पहिली खुंटी कुठे ठोकायची, हे कुणी मनानं ठरवायचं नाही. चिठ्ठ्या टाकायच्या. एक चिठ्ठी भिंतीपासून किती पावलं त्याची, दुसरी दारापासून किती पावलं त्याची. म्हणजे कुणाला काही लपवायचं असलं तरी जाळी त्याचं ऐकणार नाही.

चिठ्ठ्या गिरमिटवाल्याच्या टोपीत टाकल्या. हा धाकटीबरोबर अकरा वर्षं भोकं पाडत होता. "आमचं जन्मभर एकच काम," तो म्हणायचा, "धरणीमातेला टोचायचं आणि ती ओरडते का बघायचं."

त्यानं चिठ्ठ्या काढल्या. चौदा आणि तीन. धाकटीनं मनातल्या मनात जाळी पसरली. नववं भोक बरोबर मधोमध पडत होतं. बाबांच्या बोटाखाली.

ती चौदा पावलं चालली, मग तीन. जमिनीला टाच मारली. "इथे जुना पाया लागतोय. खुंटी जाणार नाही. परत काढ."

पाया लागला तर परत चिठ्ठ्या काढायची मुभा होती. गिरमिटवाल्यानं परत काढल्या. सोळा आणि चार. जाळी दोन पावलं सरकली. पिंपांचा खड्डा, म्हणजे ती बिनगवताची जागा, आठ पावलांचा होता. दोन पावलांनी काय होणार?

"इथेही पायाच आहे."

"बाई, गवत वाढलंय की पायावर."

"परत काढ म्हटलं ना."

तिसऱ्यांदा निघाल्या पाच आणि बारा. धाकटीनं डोळे मिटून पाहिलं. चार भोकं मधल्या जागेच्या चार बाजूंना, दहा-दहा पावलांवर, राखणदारासारखी उभी राहत होती. मधलं अंग शाबूत. "ठोक खुंटी," ती म्हणाली.

गिरमिटवाल्यानं टोपी झटकून डोक्यावर घातली.  "तीन-तीनदा चिठ्ठ्या? लग्नाला मुलगी बघतानाही एवढं मागेपुढे करत नाहीत हो," तो म्हणाला, आणि त्यानं खुंटी ठोकली. त्यालाही घरी माणसं होती.

चोवीस भोकं, चोवीस बरण्या. चोवीसही स्वच्छ निघाल्या. अहवालातला एकही आकडा खोटा नव्हता. धाकटीनं सही केली तेव्हा तिचा हात कापला नाही, याचंच तिला मागाहून फार नवल वाटलं.

समितीनं कर्ज मंजूर केलं. कर्जवाल्या बाईंनी संत्र्यांची एक पेटी पाठवली.

---

पुढच्या बाजूची माती ताडपत्री झाकलेल्या ट्रकांतून दूर कुठे नेऊन पुरली. मागची माती स्वच्छच होती. तिची नुसती सपाटी केली. मधला उंचवटा मीटरभर उतरवून चारी बाजूंना पसरला आणि वर विकतची काळी माती वीतभर टाकली. दोन वर्षांत घरं उभी राहिली. रस्त्याकडे काचेच्या तीन इमारती, मागे चाळीस बैठी घरं, प्रत्येकासमोर चार-पाच पावलांचा वाफा.

घरांचे नंबर चिठ्ठीनं दिले. एका सभागृहात सगळे जमले. टाक्यांवर उभं राहून वाकलेल्या बायका, खोकणारे पुरुष, ज्यांचे म्हातारे वाट पाहूनच संपले त्यांची मुलं. बाबांना खुर्चीत घालून आणलं होतं. थोरलीनं ठेवणीतली साडी नेसली होती. तिनं हात घालून चिठ्ठी काढली आणि आनंदानं ओरडली, "एकोणीस!"

धाकटीनं भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. पाहायची गरज नव्हती.

तिच्या मागोमाग टाकीवरच्या मावशींनी चिठ्ठी काढली. एक नंबर. कोपऱ्यातलं, भिंतीकडचं.

खरं बोलायची ती वेळ होती. पण बोलून काय होणार होतं? बँक कर्ज परत मागणार, चाळीस घरांना टाळं लागणार, तिची नोकरी जाणार, कदाचित तुरुंग. आणि थोरली नकाशावरच्या एकोणीसवर बोट ठेवून भावोजींना सांगत होती, खाट कुठे, मशीन कुठे. धाकटीनं दुसरा विचार केला. मावशी सत्तरीच्या. नवरा गेलेला, पोरबाळ नाही. अशा बाईला अजून किती वर्षं जगायचंय, असा हिशोब तिनं मांडला, आणि तो तिला लागलीच जमला. एवढ्या लवकर जमला की तिची तिलाच भीती वाटली.

ती मावशींजवळ जाऊन उकिडवी बसली. "मावशी, कोपऱ्यातलं घर आलं का तुम्हाला? अरे देवा. फाटकापासून केवढं लांब! तुमचे गुडघे..."

"होय गं पोरी. पण चिठ्ठीला काय म्हणायचं?"

"बदलता येतं. ताईला मधलं आलंय, फाटकाच्या समोर. बाबांना तसंही भिंतीची सावली लागते. तुम्ही मधलं घ्या."

"तुझी ताई देईल? मधला वाफा मोठा आहे म्हणतात."

"मी सांगते तिला."

थोरली सहजासहजी तयार झाली नाही. "म्हणजे माझ्या नशिबाला आलेलंही तूच वाटणार? शाळा तू घेतलीस, आता वाफाही दुसऱ्याला?" पण मावशी गुडघे चोळत समोर उभ्या होत्या, चार लोक बघत होते. तिनं चिठ्ठी मावशींच्या हातात जवळजवळ फेकली. बाबा खुर्चीतून नकाशाकडे बघत होते. हुशार लेकीनं ती जागा केव्हाच खणून काढलीय, या खात्रीनं ते शांत होते.

मावशींनी धाकटीच्या तोंडावरून हात फिरवला. "माझ्या गुडघ्यांचा कुणी विचार केला नव्हता गं आजवर. टाकीवर तीस वर्षं उभी होते, तेव्हाही नाही. तू केलास."

---

पहिल्याच वर्षी मावशींच्या वाफ्यात मुळे आले. पांढरेशुभ्र, मनगटाएवढे. दर रविवारी धाकटी बहिणीकडे जायची, आणि दर रविवारी मावशी पदरात मुळे घेऊन भिंतीकडच्या घरी यायच्या. "ज्यांनी घर दिलं त्यांना आधी," म्हणायच्या. थोरलीचा राग केव्हाच विरघळला होता. ती मिठाबरोबर मुळा खायची. बाबा वाफ्याशी खुर्चीत बसून, तोंडाच्या चांगल्या बाजूनं, तासन्‌तास एक काप चघळायचे. धाकटी आपला तुकडा रुमालात गुंडाळायची आणि वाटेत गटारात टाकायची.

"ताई, बाबांना देत जाऊ नकोस गं, कच्चं पचत नाही त्यांना," तिनं एकदा म्हणून पाहिलं.

"एवढं एक तर चवीनं खातात. तेही तुझ्या डोळ्यांत खुपतं?"

पावसाळा गेला. मावशी म्हणाल्या, "माझी माती बघ कशी पिवळी झालीय. सोनं निघतंय वाटतं. आणि भिंतीला खालून फुलं आलीत, मिठासारखी, पण पिवळी. पुसते, दोन दिवसांनी परत येतात."

पिवळं पाणी खालून वर चढत होतं. धाकटीला ते पाहायचीही गरज नव्हती. अशा भिंती तिनं कितीतरी पाहिल्या होत्या.

"ओल असेल, मावशी," ती म्हणाली. "चुना लावा."

मावशींनी चुना लावला.

दुसरा पावसाळा गेला. त्यानंतरच्या एका रविवारी, दुपारी, मावशी आल्या त्या बोटांना चिंध्या गुंडाळून.

"काय हो हे, मावशी?" थोरलीनं मशीन थांबवून विचारलं.

"काही नाही गं. दुखत नाही, म्हणून राहिलं. खुरपताना हाताला माती लागते ना."

थोरलीनं त्यांचा हात मांडीवर घेतला आणि एकेक चिंधी सोडली. बोटांच्या पेरांवर गोल भोकं पडली होती. मुलाम्याच्या कारखान्यातल्या माणसाला ओळखू यावीत अशी. काठ उंच, मध्ये खोल, जणू कुणी बारक्या गिरमिटानं पाडली. एका भोकाच्या तळाशी काहीतरी पांढरं दिसत होतं.

"टाकीवर असताना व्हायची ना, तशीच," मावशी म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाला, जुनंच अंगातलं वर आलंय. म्हटलं असेल. तीस वर्षांचं शिल्लक असणारच की."

खाटेवरून 'ब' आला. मोठा.

मुकादम उठायचा प्रयत्न करत होता. त्याची नजर मावशींच्या बोटांवर होती. मग ती नजर दारातून बाहेर गेली, भिंतीकडून निघाली, घरं ओलांडत मधल्या घरावर थांबली. आणि तिथून सावकाश फिरून धाकटीवर आली.

त्यानं डावा हात लांबवला. मशीनवरची रिळं खाली पडली, गडगडत कोपऱ्यात गेली. एका रिळाचा दोरा त्याच्या हातात राहिला. त्यानं तो दातानं तोडला, जिभेवर ओला केला, आणि एका नाकपुडीत घातला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा दुसऱ्या नाकपुडीतून टोक बाहेर आलं.

"अगं बाई!" थोरली टाळ्या वाजवायला लागली. "बाबांना गंमत आठवली! बघ, बघ ना गं, किती वर्षांनी!"

मावशीही हसल्या. उघडी बोटं मांडीवर ठेवून त्यांनी जुना सूर धरला. गळा फाटला होता, तरी गोडवा होता:

पहिल्या बुडीला, लोखंडाचा गंज जाई,
दुसऱ्या बुडीला, तोंड माझं मला पाही...

बाबा हसत नव्हते. दोऱ्याचं एक टोक त्यांनी डाव्या हातात धरलं होतं, दुसरं लुळ्या हाताखाली दाबलं होतं. ते तो दोरा मागेपुढे, मागेपुढे ओढत होते, आणि त्यांचे डोळे धाकटीवरून हलत नव्हते. दोरा लाल होत चालला होता.

"पुरे हो बाबा, रक्त आलं," थोरली म्हणाली. तिचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. "अगं, धर ना त्यांचा हात! नुसती बघत काय उभी आहेस?"

 मावशी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पदरातला एक मुळा त्यांनी निवडला, सगळ्यांत पांढरा, आणि तो धाकटीच्या तळहातावर ठेवून तिची बोटं त्यावर मिटली. त्यांच्या पेरांवरची भोकं धाकटीच्या बोटांना लागली. ओली, गार.

"तू माझ्यासमोर कधी खात नाहीस," त्या म्हणाल्या. "रुमालात बांधून नेतेस, मला दिसतं. लाजू नकोस गं. आज इथेच खा. तुझ्यामुळेच तर आहे हे सगळं."

मागे दोरा ओढल्याचा बारीक आवाज चालूच होता.

"तुमच्या गुडघ्यांसाठी नव्हतं ते, मावशी," धाकटी म्हणाली. "तुमच्या घराखाली गाळाची पिंपं आहेत. साठाच्या वर. बाबांनी बोट ठेवून दाखवलं होतं मला, भोकं पाडायच्या आधी. मी चुकवून पाडली. आणि ताईची चिठ्ठी मधली निघाली, म्हणून तुम्हाला तिथे घातलं. मला माहीत होतं, मावशी. सगळं माहीत होतं."